गौराईची ओळ

“अ‍ॅपचा डेटा क्लिअर कर वैजूताई, आणि परत लॉगिन हो. फाईल आपोआप ताजी होईल,” इम्तियाज म्हणाला.

सोसायटीच्या लँडलाइनचा रिसीव्हर मी खांद्याने कानाशी दाबून धरला होता. हातात माझा मोबाइल होता आणि त्याच्यावर प्रश्न येऊन थांबला होता, या अ‍ॅपमधली सगळी माहिती पुसायची का? खाली दोन पर्याय. रद्द करा. पुसा. ऑफिसच्या छपराचे पत्रे सकाळपासून वाऱ्याने थडथडत होते. समोरच्या बाकावर चांगुणाआये बसली होती. ओलं लुगडं पिळायचंही तिला सुचलं नव्हतं, ती नुसती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. ही वेळ मला अजून पाठ आहे, आणि का पाठ आहे ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

आडबंदरच्या मच्छीमार सोसायटीत मी तेव्हा कारकून होते. काम फार नव्हतं, पण त्यातलं एक जोखमीचं होतं. कोणती होडी दर्यात आहे आणि कोणती परत आली, याची यादी ठेवायची. पूर्वी त्यासाठी ऑफिसच्या ओट्यावर एक फळा असायचा. होडी निघाली की तिचं नाव खडूने लिहायचं, आणि परत आली की त्या घरच्या बाईने येऊन आपल्या तळव्याने ते पुसायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फळा कोरा दिसला म्हणजे सगळे घरी, असा गावाचा सरळ हिशेब होता. पुढे फळ्याचं लाकूड दमटपणाने फुगलं, त्यात बंदरावरचे साहेब रोज यादी मागू लागले, म्हणून मी यादी मोबाइलवर घेतली. साधी मजकुराची फाईल, एका होडीला एक ओळ. होडीचं नाव, तांडेलाचं म्हणजे होडीच्या म्होरक्याचं नाव, माणसं किती आणि जाळं टाकायचं ठिकाण. फाईल क्लाउडवर होती, म्हणजे मी बदल केला की ज्याला ज्याला ती दिली आहे त्याच्या फोनात तो दिसावा.

बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. क्लाउड म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं, तर चांगुणाआये म्हणाली, “ढगात ठेवलीस? बरं केलंस. ढगांमुळंच तर आमचा जीव टांगणीला लागतो.” सगळ्या हसल्या, पण मग त्यांनी आपली अट घातली. पुसायचं ते आमच्याच बोटाने. त्यामुळे होडी लागली की त्या घरची बाई ऑफिसात यायची, मी तिची ओळ निवडून फोन पुढे धरायचे, आणि ती पदराला बोट पुसून खोडायची खूण दाबायची. ओळ गेली की फोन कपाळाला लावायची. माझ्या फोनच्या काचेवर कायम मासळीचा वास असे, आणि त्यावरून घरी माझी थट्टा व्हायची.

सोसायटीचे सेक्रेटरी हिराजीशेठ पावसे. त्यांचे दोन मोठे ट्रॉलर होते. माझे यजमान त्यातल्या एकावर खलाशी होते आणि मला नोकरीही शेठनीच लावून दिली होती. माणूस घाईचा, आवाजाने मोठा, पण आतून वाईट नाही. फाईल त्यांच्या फोनातही होती. मात्र सुरुवातीपासून त्यांची एकच तक्रार होती. फाईल उघडते, वाचता येते, पण काही बदलता येत नाही. बोट ठेवलं तरी कीबोर्ड वर येत नाही.

तीन महिने त्या तक्रारीवर उपाय चालले होते. बाजारपेठेत इम्तियाजचं मोबाइलचं दुकान आहे. पोरगेलासा दिसतो, पण दोन मुलांचा बाप, आणि फोनच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्याकडे शेवटचा. त्याने शेठचं अ‍ॅप अपडेट करून दिलं. कॅशे साफ केलं. फोन बंद करून चालू केला. काही अ‍ॅपमध्ये अशा फाईली नुसत्या बघता येतात, लिहायला वेगळा एडिटर लागतो, म्हणून तोही टाकून दिला. त्या एडिटरमध्ये शेठ टाइप करायचे आणि जतन करायला गेले की फाईल जागची हलायची नाही. फोनात जागा कमी असेल म्हणून शेठच्या नातीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ काढून टाकले, त्यावरून शेठच्या घरी आठवडाभर अबोला झाला. मी प्रत्येक वेळी बरोबर असायचे. मान हलवायचे, “आता बघा हां शेठ,” म्हणायचे. इम्तियाज डोकं खाजवून म्हणायचा, असा फोन मी जन्मात पाहिला नाही.

मग डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शेठ ऑफिसात आले तेच हसत. म्हणाले, “वैजू, माझं सुरू झालं. इम्तियाज नको नि फिम्तियाज नको. मीच हिकडं तिकडं दाबलं नि झालं. आता जेटीवर बसून मी पण पुसू शकतो.” त्यांनी मला फोन दाखवला. खरंच, कीबोर्ड वर आला होता. मी चांगलं झालं म्हटलं. कसं सुरू झालं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आणि न विचारण्याचं कारण मला ठाऊक होतं.

सोमवारी संध्याकाळी चांगुणाआयेचा मुलगा काशा ‘गौराई’ घेऊन निघाला. गौराई लहान होडी, पाच माणसं, वायरलेस नाही. काशाने ऑफिसच्या खिडकीतून ठिकाण सांगितलं, मी टाइप केलं. तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. ओळीच्या बाजूला फिरणारं लहानसं चक्र दिसत राहिलं, अपलोडच्या प्रतीक्षेत. असं नेहमी व्हायचं, रेंज आली की ते आपोआप वर जायचं. वादळाचा इशारा त्यानंतर दोन तासांनी आला.

मंगळवारी सकाळपासून होड्या पळत परत येऊ लागल्या. कुणी आमच्या जेटीला, कुणी शेजारच्या खाड्यांत, कुणी पार दक्षिणेच्या बंदरात आसरा घेतला. त्यामुळे डोळ्यांनी मोजून काही कळणार नव्हतं. ज्याला जिथून फोन करता आला त्याने केला. बायका एकेक करून ऑफिसात आल्या, बोट लावून गेल्या. बाहेर पाऊस आडवा येत होता. दुपारी दोनपर्यंत माझ्या फोनात एकच ओळ उरली होती, गौराईची. तिच्या बाजूचं चक्र सोमवारपासून तसंच फिरत होतं, कारण टॉवर कालपासून अर्धमेला होता. चांगुणाआये सकाळी नऊपासून बाकावर होती. बाकीच्या बायका पुसून जाताना तिच्या खांद्याला हात लावून जायच्या.

अडीचच्या सुमाराला मी लँडलाइनवरून जेटीवर शेठच्या मोबाइलला फोन लावला, तिथे त्यांच्या कंपनीची रेंज अजून टिकून होती. त्यांच्याजवळ बंदरावरचे साहेब उभे होते. शोधाला एकच सरकारी लाँच होती, तिला उत्तरेकडच्या दोन गावांनी बोलावलं होतं, आणि जिथे माणसं बाहेर असतील तिथेच ती जाणार होती. शेठ वाऱ्यावर ओरडून बोलत होते. “आपलं आडबंदर कोरं हाय. मी आत्ता बघितलं. सगळ्या आल्या.”

मी म्हटलं, माझ्याकडे गौराई दिसते.

“तुझा फोन अडकलाय. चक्र फिरतंय ना? मग. माझ्यात कोरी हाय, मी स्वतः पुसल्यात. दक्षिणेच्या खाडीत एक निळी होडी शिरलेली बघितलीय म्हणतात, गौराईच असणार. तिकडं रेंज नाय. इम्तियाजला विचार नि तुझी फाईल सरळ कर.” आणि फोन ठेवला.

म्हणून मी इम्तियाजला फोन लावला, आणि त्याने मला ‘पुसा’वर बोट ठेवायला सांगितलं.

मी त्याला विचारलं, ही जी ओळ वर जायची थांबली आहे तिचं काय होईल?

तो म्हणाला, “जे वर आहे ते खाली येईल. जे वर पोचलंच नाही ते जाईल. पण शेठनी पुसलं म्हणतेस ना? मग ते गेलेलंच आहे. कशाला जीव गुंतवतेस त्याच्यात.”

चांगुणाआये बाकावरून उठून टेबलाशी आली होती. तिला अक्षर येत नाही, पण तिची ओळ तिला कळायची. ती माझ्या फोनकडे बघून सावकाश म्हणाली, “शेठ काय बोलला? सगळ्या आल्या?”

“असं म्हणतात.”

“मी पुसलं नाय,” ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही की रडली नाही.

मी ‘रद्द करा’ दाबलं. इम्तियाजला मग बघते म्हणून सांगितलं आणि रिसीव्हर ठेवला.

आता खरं ते सांगते. गौराई परत आलेली नाही, हे मला त्या क्षणी कळलं होतं. अंदाज नव्हे, स्वच्छ कळलं होतं. शेठच्या फोनात फाईल कोरी असेल, त्यांनी स्वतः पुसली असेल, तर ती आमची फाईल असूच शकत नव्हती. कारण आमच्या फाईलमध्ये शेठना काही बदलताच येत नव्हतं, आणि ते अ‍ॅपमुळे नव्हे. ते मी केलं होतं. फाईल ज्याला द्यायची त्याला नुसती बघायला द्यायची की बदलायलाही द्यायची, हे देणाऱ्याच्या हातात असतं. शेठना मी ती पहिल्या दिवसापासून फक्त बघायला दिली होती. तीन महिने इम्तियाज त्यांच्या फोनाचं आतडं न् आतडं तपासत होता आणि मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. रविवारी शेठनी हिकडं तिकडं दाबलं तेव्हा त्यांच्याकडून ‘प्रत बनवा’ दाबलं गेलं असणार. त्या दिवसापासून ते रविवारच्या यादीची स्वतःची प्रत पुसत होते. गौराई सोमवारी निघाली. त्यांच्या प्रतीत ती कधी आलीच नव्हती.

हे सगळं शेठना एका दमात सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मला एकोणीस मिनिटं लागली.

त्या एकोणीस मिनिटांत मी काय काय केलं, ते ऐका. दक्षिणेच्या खाडीवरच्या किराणा दुकानात फोन लावला, निळी होडी कोणाची ते विचारायला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. खिडकी उघडून मोबाइल बाहेर धरला, रेंज येते का बघितलं, फोन भिजला, पदराने पुसला. फाईल तीनदा बंद करून उघडली, जणू तिच्यात काही वेगळं दिसणार होतं. चांगुणाआयेला पाणी दिलं. मनात म्हणत होते की निळी होडी गौराईच असेल, आणि मग काहीच सांगावं लागणार नाही. नोकरी जाईल, यजमानांचं ट्रॉलरवरचं काम जाईल, हे डोक्यात होतंच. पण जीभ त्यामुळे जड झाली नव्हती. शेठना एवढंच सांगून भागलं नसतं की तुम्हाला पुसायचा हक्क दिला नाही. का दिला नाही, हे त्यांनी विचारलं असतं. आणि त्याचं उत्तर त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं माझ्यात धाडस नव्हतं.

फाईल सुरू केली त्याच दिवशी, सगळ्या बायका निघून गेल्यावर, चांगुणाआये मागे राहिली होती. म्हणाली, “बाय, एक मागणं हाय. हिराजीच्या बोटानं आमची नावं पुसायला देऊ नको.” मी का म्हणून विचारलं नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी बोलत नसे. सतरा वर्षांपूर्वी असंच वादळ आलं होतं. चांगुणाआयेचा नवरा बाळोजी बाहेर होता. कुणीतरी येऊन सांगितलं की त्याची होडी शेजारच्या खाडीत लागली. हिराजीशेठ तेव्हा नवीन सेक्रेटरी झाले होते, तरणे होते, बाळोजीचे मित्र होते. बायका ओट्यावर भिजत उभ्या होत्या. त्यांनी घरी जावं, सुखाने दोन घास खावे, म्हणून शेठनी आपल्या हाताने बाळोजीचं नाव फळ्यावरून पुसलं. फळा कोरा झाला, सगळे घरी गेले, आणि शोधाला होड्या निघाल्या त्या दुसऱ्या दिवशी. बाळोजी सापडला नाही. खाडीत लागलेली होडी दुसरीच कुणाची होती.

हे मला त्या माणसाला सांगायचं होतं, आणि त्याच्या हातून तेच पुन्हा घडत होतं.

तीन वाजता घड्याळाने टोले दिले. चांगुणाआये म्हणाली, “वैजू, तू मघापासून नुसती फिरतेस. तुला काय माहीत हाय ते बोल.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. रिसीव्हर उचलला, जेटीवर लावला, आणि शेठचा आवाज आल्याबरोबर डोळे मिटून बोलत सुटले. तुमची फाईल ही आमची फाईल नाही. ती रविवारची प्रत आहे. गौराई सोमवारी गेली. तुमच्या फोनात बिघाड नव्हता, मीच तुम्हाला बदलायला दिलं नव्हतं. गौराई बाहेर आहे.

पलीकडे शेठ वाऱ्याच्या आडोशाला गेले असावेत, घोंगावणं कमी झालं.

मग शेठ म्हणाले, “का दिलं नाय?”

चांगुणाआयेने हात पुढे केला आणि माझ्याकडून रिसीव्हर घेतला. तो तिने उलटा धरला होता, मी सरळ करून दिला.

“हिराजी,” ती म्हणाली, “मी सांगितलं तिला. तुझ्या हातानं नको म्हटलं. आता ते राहू दे. काशा बाहेर हाय. वैजू ठिकाण वाचते, ते ऐक.”

मी रिसीव्हर घेतला आणि ओळीच्या शेवटपर्यंत गेले. काशाने सांगितलेलं जसंच्या तसं टाइप केलं होतं, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. “गडाचा बुरूज देवीच्या माडांवर,” मी वाचलं. “दीपस्तंभ काळ्या खडपाच्या डाव्या अंगाला. वीस वाव.”

आमच्याकडचे जुने तांडेल जागा अशाच लक्षात ठेवतात, किनाऱ्यावरची कोणती खूण कोणत्या खुणेवर आली आणि खाली पाणी किती खोल आहे, यावरून. बंदरावरच्या साहेबाला हे वाचून दाखवलं असतं तर त्याने अक्षांश रेखांश मागितले असते. शेठनी एकदाच, “परत वाच,” म्हटलं. मी परत वाचलं.

“बाळोजीचं ठिकाण,” ते म्हणाले. आवाज पूर्ण वेगळा होता, घाई नव्हती त्यात. “मी त्याच्याबरोबर टाकलंय जाळं तिथं. वारा दक्षिणेचा हाय. इंजिन बंद पडलं असंल तर एव्हाना खडपाच्या उत्तरेला वाहवत आली असंल.” मग त्यांनी कुणाला तरी हाक मारली. लाँच निघून गेली, असं कोणीतरी सांगितलेलं मला ऐकू आलं. दहा मिनिटांपूर्वी.

शेठनी फोन ठेवला नाही, तो नुसता खिशात टाकला असावा, कारण मला पुढचं सगळं ऐकू येत होतं. ते आपला मोठा ट्रॉलर काढायला सांगत होते. कुणीतरी म्हणालं, या दर्यात ट्रॉलर घालायचा म्हणजे सगळेच जातील. शेठ म्हणाले, मी कुणाला चल म्हणत नाही, दोर सोडा एवढंच म्हणतोय. मग आणखी एक आवाज आला, “शेठ, इंजिनावर मी बसतो.” तो आवाज माझ्या यजमानांचा होता. त्यानंतर लाइन गेली.

पुढचे तीन तास मी आणि चांगुणाआये त्या ऑफिसात बसून होतो. मी तिला सांगितलं, आये, मला पावणेतीनच्या आधीच कळलं होतं. तिने ऐकून घेतलं. तिची ओळ पुसली जाऊ नये म्हणून मी फोन चार्जिंगला लावला होता, वीज नव्हती तरी. वायर लावलेली बघून धीर येत होता, दुसरं काही नाही. साडेचारला कधीतरी रेंजची एक काडी आली आणि ओळीच्या बाजूचं चक्र थांबलं. गौराई क्लाउडवर पोचली. आता ती जगातल्या कुठल्याही फोनात दिसली असती, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

सहा वाजायच्या सुमाराला ओट्यावर कुणीतरी धावत आलं. आम्ही जेटीवर पोचलो तेव्हा ट्रॉलर बांधत होते. मी आधी यजमानांना शोधलं, ते खोटं सांगणार नाही. ते इंजिनाच्या दारात बसले होते, तोंड धुराने काळं झालं होतं. मग मी मोजायला लागले. काशा. त्याचा मेहुणा. दोघे भाऊ भोईनकर. पाचवा, म्हातारा लखमा, त्याला घोंगडीत गुंडाळून चौघांनी उतरवला, पण तो शिव्या देत होता, म्हणजे जिवंत होता. पाच.

गौराई मात्र नव्हती. ट्रॉलर दिसायला लागला तेव्हा ती तरंगत होती, असं काशाने सांगितलं. ट्रॉलर जवळ येईपर्यंत ती डाव्या अंगावर कलली आणि गेली. माणसं पाण्यात होती, जाळ्याच्या बोयांना धरून. किती वेळ, म्हणून मी विचारलं. दहा मिनिटं असेल, पंधरा असेल, तो म्हणाला. मी मनात माझ्या एकोणीस मिनिटांतून ती वजा केली. ती वजाबाकी मी अजून करते.

चांगुणाआयेने काशाच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला, तो खरा आहे ना बघितल्यासारखा. मग ती वळली. शेठ एका बाजूला दोराच्या वेटोळ्यावर बसले होते. हात सोलवटून निघाले होते आणि ते गुडघ्यांवर उताणे ठेवले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे हात केला. मी फोन दिला. एकच ओळ होती. मी ती निवडून ठेवली.

“हिराजी,” ती म्हणाली, “तू पूस.”

शेठनी फोनकडे बघितलं. “मला पुसता येत नाय,” ते म्हणाले. “वैजूनं दिलेलंच नाय.”

मी म्हटलं, शेठ, आत्ता देते. मी हात पुढे करून फोन मागितला.

“नको,” ते म्हणाले. “माझ्या हातानं एकदा पुसलंय, आये. तेवढं पुरं.” आणि मग तो आवाजाने मोठा माणूस दोन्ही सोलवटलेले हात तोंडावर घेऊन रडला.

चांगुणाआयेने पदराला बोट पुसलं, ओळीवर ठेवलं आणि खूण दाबली. फाईल कोरी झाली. तिने फोन कपाळाला लावला, आणि नंतर तो शेठच्या डोक्याला लावला.

माझी नोकरी गेली नाही. शेठ त्या विषयावर माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. चांगुणाआये बोलली, एकदाच, पुढच्या वर्षी नवी होडी पाण्यात सोडली त्या दिवशी. नारळ फोडून झाल्यावर माझ्या हातावर खोबरं ठेवत म्हणाली, होडीचं काय, ती परत बांधता येते. मग म्हणाली, “पण एवढा वेळ बसलीस कशाला गो, बाय?” तिला उत्तर नको होतं बहुतेक, कारण लगेच दुसऱ्याला खोबरं द्यायला ती पुढे गेली.

आता आठ वर्षं होऊन गेली. फाईल तीच आहे, फोन तीन बदलले. त्या वादळानंतरच्या आठवड्यात मी शेठना पुसायचा हक्क देऊन टाकला होता, न विचारता, आणि त्यांच्या फोनात तो पोचल्याचंही मला दिसलं होतं. गेल्या पावसाळ्याआधी समुद्र खवळला तेव्हा आमच्या दोन होड्या बाहेर होत्या. बंदरावर नवीन साहेब आले आहेत. ते मला घेऊन जेटीवर शेठकडे गेले. म्हणाले, दोन्ही होड्या दक्षिणेच्या खाडीत लागल्याचा निरोप आहे, मला वर कळवायचं आहे, तेवढी यादी कोरी करून टाका.

शेठ आता साठीच्या पुढे गेलेत. त्यांनी चष्मा लावला, फोन काढला, फाईल उघडली. त्यांनी ओळीवर बोट ठेवल्याबरोबर कीबोर्ड वर आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यांनी तो फोन शांतपणे पालथा करून मांडीवर ठेवला.

“साहेब, माझ्या फोनात पुसता येत नाय बघा,” ते म्हणाले. “काहीतरी तांत्रिक अडचण हाय. वैजूला विचारा, किती वर्षं सांगतोय तिला.”